पिवळं कार्ड कपाटात का?

बारावीत आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिला आम्ही 'सुट्टी' म्हणायचो.

तिचं नाव वेगळं होतं. पण हजेरी घेताना सरांनी तिचा नंबर पुकारला की मागच्या बाकावरून कुणीतरी 'सुट्टी!' म्हणून ओरडायचं आणि वर्ग हसायचा. मीही हसायचे. जुलै-ऑगस्टमध्ये तर ती दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस दिसायची नाही. परत आली की डोळे पिवळसर, चेहरा उतरलेला आणि कारण एकच, 'अंग दुखत होतं.' आता अंग कुणाचं दुखत नाही? शहापूर ते भंडारा एसटीत रोज उभं राहून आमचंही दुखायचंच की!

एकदा भर पावसात आम्ही दोघी शहापूरच्या थांब्यावर उभ्या होतो. हायवेवरून ट्रक गेला की पाण्याचा फवारा अंगावर यायचा. ओल्या कपड्यांत अर्धा तास गेला असेल. ती एकदम खाली बसली, पाय धरून. रडत नव्हती, दात आवळून बसली होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पाय मुरगळला वाटते पोरीचा." मी पाय चोळायला घेतला तर ती किंचाळली. मग हळूच म्हणाली, "हात नको लावू. हाडाच्या आत दुखते."

त्या दिवशी तिनं मला 'सिकलसेल' हा शब्द सांगितला. तसा तो मी लहानपणापासून दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेला पाहिला होता. पल्स पोलिओच्या शेजारी, हिवतापाच्या वर. पण भिंतीवरचं कोण वाचतं?

या लेखासाठी मी तिला चार वर्षांनी पुन्हा भेटले. ती म्हणाली, नाव सोडून सगळं लिही. आणि निघताना म्हणाली, "'सुट्टी' पण लिही. तुम्ही सगळे म्हणत होते ते."

म्हणून सुरुवात तिथूनच केली.

सिकल म्हणजे विळा. धान कापणाऱ्या जिल्ह्यात विळा कसा असतो हे सांगायला नको. आपल्या रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल चकतीसारख्या असतात, मधे जरा दबलेल्या आणि एकदम लवचिक. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या अंग चोरून निघून जातात. या पेशींत हिमोग्लोबिन असतं, ते शरीरभर ऑक्सिजन पोचवतं. हिमोग्लोबिनमध्ये एक साखळी असते, १४६ कड्यांची. सिकलसेलमध्ये त्यातली फक्त सहावी कडी बदललेली असते. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. बाकी १४५ कड्या अगदी तुमच्या-माझ्यासारख्या.

पण तेवढ्यानं सगळं बिघडतं. पेशीतला ऑक्सिजन कमी झाला की हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या बनतात. गोल पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते. असे विळे बारीक रक्तवाहिनीत अडकले की पुढचं रक्त थांबतं. जिथं रक्त पोचत नाही तिथं दुखतं. हात, पाय, पाठ, छाती, कुठंही. याला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. काही तास राहतो, कधी आठवडाभरही. दुसरं म्हणजे चांगली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. शरीर नव्या पेशी बनवतच राहतं, तरी पुरत नाहीत. म्हणून कायमचा ॲनिमिया, दमणूक. आणि तुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे. आमच्याकडे म्हातारी माणसं पोराचे 'डोरे पिवरे' झाले की कावीळ समजून झाडपाल्याचं औषध द्यायला नेतात. तिलाही नेलं होतं, तीनदा.

गोष्ट दुखण्यावर थांबत नाही. प्लीहा निकामी होत जाते, त्यामुळे साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. खुब्याचं हाड रक्ताविना झिजतं आणि पंचविशीतला पोरगा लंगडू लागतो. फुप्फुसात अडथळा आला तर थेट आयसीयू. लहान मुलांना पक्षाघात होऊ शकतो. हे सगळं प्रत्येकाला होतंच असं नाही. एकाच घरातल्या दोन रुग्ण भावंडांचाही त्रास कमी-जास्त असतो. पण बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. प्लास्टर नाही, जखम नाही. दिसते ती फक्त गैरहजेरी.

जगात या आजाराची पहिली नोंद झाली तीही एका कॉलेजच्या पोराचीच. वॉल्टर क्लेमेंट नोएल, ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरून दंतवैद्यक शिकायला शिकागोत आलेला. १९०४ च्या डिसेंबरात तो दवाखान्यात भरती झाला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्ननं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर लांबट, वाकड्या पेशी. त्यानं वरिष्ठांना, डॉ. जेम्स हेरिक यांना दाखवल्या. हेरिक यांनी १९१० मध्ये लेख छापला आणि वैद्यकाच्या इतिहासात नाव झालं ते हेरिक यांचं. लेखावर इंटर्नचं नाव नाही! (इंटर्न म्हणून ही माहिती मला फार जवळची वाटली, एवढंच सांगते.) नोएल शिकून डेंटिस्ट झाला, गावी परतला, १९१६ मध्ये न्यूमोनियानं गेला. वय ३२.

आता प्रश्न असा की शिकागो कुठं, शहापूर कुठं?

हिमोग्लोबिनमधला हा बदल आपल्या भागात फार जुना आहे. १९५२ मध्ये भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला, निलगिरीच्या डोंगरात आणि आसामच्या चहामळ्यांत. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. तेव्हापासून विदर्भ या नकाशावर आहे, विशेषतः पूर्व विदर्भ. कारण बहुधा मलेरिया. ज्यांना आई-बापांपैकी एकाकडूनच हा जीन मिळतो, त्यांना मलेरियाच्या सगळ्यात घातक प्रकारापासून थोडं संरक्षण मिळतं. हे ॲलिसन या संशोधकानं १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिलं. जंगल, तलाव, बोड्या, डास. अशा मुलखात शेकडो वर्षं हा जीन असलेली माणसं तगली, वाढली. ज्या गोष्टीनं आजोबांच्या आजोबांना वाचवलं, तीच आता नातवाला आजारी पाडते.

हे मुद्दाम लांबवून सांगितलं. कारण आमच्याकडे अजून लोक म्हणतात, "तो 'त्यांच्यातला' आजार आहे." कुणाच्यातला? आदिवासींत आहे, बौद्धांत आहे, तेली, कुणबी आणि इतर कितीतरी समाजांत आहे. डास चावताना जात विचारत नाही. जात आपण विचारतो, लग्न जुळवताना. आणि जातीतल्या जातीत, त्यातही ओळखीच्या पाच-पन्नास घरांतच सोयरीक होत राहिली की हा जीन तिथल्या तिथं फिरत राहतो.

मैत्रिणीला विचारलं, दुखणं कधी येतं?

"रोवणीत," ती लगेच म्हणाली.

तिच्या घरी थोडी धानाची शेती आहे. रोवणी म्हणजे दिवसभर वाकून बांधीत उभं राहायचं, घोट्याच्या वर गार पाणी, डोक्यावर पाऊस. सिकलसेलच्या रुग्णाचा क्रायसिस ज्या-ज्या गोष्टींनी येतो त्यातल्या तीन इथं एकाच वेळी जमतात, थंडी, ओलं अंग आणि श्रम. दहावीपर्यंत ती जायची. घरचे मजुरी वाचवायला न्यायचे, त्यांनाही कल्पना नव्हती. संध्याकाळी गुडघे धरून कण्हायची, तर आजी म्हणायची, "कामाच्या नावानं रडते पोट्टी." उन्हाळ्यात वेगळंच. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, घामानं शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि पुन्हा तेच. म्हणून ती आता कुठंही गेली तरी पाण्याची दोन लिटरची बाटली सोबत असते. बाकीची कारणं म्हणजे ताप, संसर्ग, जागरण, टेन्शन. परीक्षेच्या आदल्या रात्री यातलं ताप सोडून सगळंच असतं. तिचा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर तसाच गेला. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात हे तिला तेव्हा माहीतच नव्हतं. वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला 'सुट्टी' तेवढी माहीत होती.

तिचा आजार कळला तोही उशिरा. जन्मल्यावर बाळ ठणठणीत दिसतं, कारण पहिले काही महिने बाळाच्या रक्तात वेगळं, गर्भातलं हिमोग्लोबिन असतं आणि ते विळे बनू देत नाही. ते कमी होत गेलं की लक्षणं दिसू लागतात. तिचे दोन्ही पंजे आठव्या महिन्यात सुजले होते. घरच्यांनी नजर काढली. सहावीत असताना शाळेत तपासणी झाली तेव्हा निदान झालं. आणि मग घरात सुरू झालं, "सुनेच्या माहेरून आलं." तिची आई पुढे कित्येक वर्षं हे ऐकत होती.

इथं हिशेब नीट समजून घेऊ, कारण सगळी भानगड या हिशेबाशी आहे. प्रत्येकाकडे या जीनच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकच बिघडलेली असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला आजार नसतो. औषध लागत नाही. तो रोवणी करतो, कबड्डी खेळतो, पन्नास वर्षं जगून त्याला पत्ताही लागत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची २५ टक्के. 'प्रत्येक बाळंतपणात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिलं मूल रुग्ण झालं, आता पुढची तीन चांगली होतील, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. दर वेळी नाणं नव्यानं उडतं.

म्हणजे माझ्या मैत्रिणीला हा आजार व्हायला आईकडून एक प्रत आणि बापाकडूनही एक प्रत यावीच लागली. 'सुनेच्या माहेरून' आलं ते अर्धंच. उरलेलं अर्धं सासरच्या घरातूनच आलं. हे तिनं आजीला कागदावर चौकोन काढून समजावलं होतं. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घरात नाही असलं काही."

आपल्याकडे तपासणीनंतर कार्ड मिळतं. रुग्णाला लाल, वाहकाला पिवळं. पिवळ्या-पिवळ्याचं लग्न नको, पिवळ्या-लालचंही नको, एवढा साधा नियम. पिवळ्याचं लग्न ज्याच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत अशाशी झालं तर मूल रुग्ण होत नाही, फार तर वाहक होतं. इतकंच काय, लाल कार्डवाल्याचं लग्नही अशा जोडीदाराशी झालं तर मुलं वाहक होतील, रुग्ण नाही. (फक्त जोडीदाराला थॅलेसेमियाचा वाहकपणा नाही ना, हेही पाहायला हवं. तो सिकलसेलच्या जीनबरोबर आला तरी बाळाला आजार होतो.) नियम इतका सोपा असूनही कार्ड निघतं आणि कपाटात जातं. साड्यांच्या घडीत, एलआयसीच्या पावत्यांबरोबर. आमच्या भागातल्या एका आशाताईंनी सांगितलं, "ताई, मी घरी गेली की मायबाप म्हणतात, हळू बोला, शेजारी ऐकतील." मुलाचं कार्ड पिवळं असेल तर फारसं बिघडत नाही. मुलीचं असेल तर सोयरीक मोडायची भीती. मग पत्रिका दाखवतात, छत्तीस गुण जुळवतात, आणि ज्या एका कागदानं खरंच काही कळेल तो दाबून ठेवतात.

मी हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा माझी स्वतःची तपासणी झालेली नव्हती. शाळेत झाली असेल तर रिपोर्ट कुणी जपला नाही. मग गेले. बोटातून एक थेंब रक्त, एका नळीतल्या द्रावणात. पाच-दहा मिनिटं थांबायचं. नळीमागे ओळी असलेला कागद धरतात. ओळी स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. माझ्या नळीतून ओळी दिसल्या नाहीत. द्रावण गढूळ होतं.

या चाचणीतून फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढं कळतं. वाहक की रुग्ण, हे कळायला पुढची तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. थॅलेसेमियाचा वाहकपणाही एचपीएलसीतच पकडला जातो. म्हणून लग्नाआधी नुसत्या नळीच्या चाचणीवर थांबू नका. माझा पुढचा रिपोर्ट आला. एएस. मी वाहक आहे. हे मी माझ्या नावानं छापून आणते आहे, कारण मैत्रिणीला 'सगळं सांग' म्हणायचं आणि स्वतःचं लपवायचं हे काही बरं दिसत नाही.

आता औषधाचं. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आहे. मुळात ती कॅन्सरच्या उपचारातली. ती गर्भातलं ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, त्यामुळे विळे कमी बनतात. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा सिद्ध झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या मुलांवर कमी मात्रेत तिचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी मात्रेतही क्रायसिस खूप घटले होते. ही गोळी रोज घ्यायची असते, ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं असतं आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं असतं, मुलीनं आणि मुलानंही. सोबत फोलिक ॲसिड, लसी, भरपूर पाणी. माझी मैत्रीण दोन वर्षांपासून ती घेते. त्याआधी वर्षातून चार-पाचदा भरती व्हायची. या दोन वर्षांत एकदाच.

आजार मुळासकट घालवता येतो का? जुळणाऱ्या भावंडाचा अस्थिमज्जा बसवून येतो, पण असा दाता सगळ्यांना मिळत नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जीनमध्ये बदल करणाऱ्या 'कॅसजेव्ही' उपचाराला मंजुरी मिळाली. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. मी मैत्रिणीला आकडा सांगितला, ती इतकी हसली की ठसका लागला.

त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे. तपासण्या होतात, आकडे वाढतात, चांगलंच आहे. पण तपासणीनंतर पोरा-पोरींशी बसून बोलणारं कुणी हवं. कार्ड हातात देऊन पुढच्याला बोलावलं तर कार्ड कपाटातच जाणार.

हक्कांचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. त्यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सिकलसेल रुग्णांसाठी झटणारे नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. राज्यात रुग्णांना एसटी प्रवासात सवलत आहे, रक्त मोफत मिळतं, संजय गांधी निराधार योजनेचा लाभ मिळू शकतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांवर अर्ज करता येतो. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिकायला जागा आहे, नोकरीत नाही. माझी मैत्रीण स्पर्धा परीक्षेची तयारी करते. पोलीस भरतीचा विचार तिनं कधीच सोडला, धावणार कशी? टेबलावरची नोकरी तिला सहज जमेल, पण तिथं तिला खुल्या स्पर्धेत, महिन्यातले काही दिवस अंथरुणात घालवून, बाकीच्यांबरोबर पळायचं आहे. हे मला अजिबात पटत नाही. तिलाही नाही, पण ती म्हणते, "आधी फॉर्म भरते, मग भांडते."

माझ्या रिपोर्टचं घरी सांगितलं त्या दिवशी काकू आल्या होत्या. माझा बायोडाटा तयार करायचं त्यांनी मनावर घेतलंय (बावीस पूर्ण झाले ना!). मोबाइलवर नमुना होता. उंची, वर्ण, रास, नाडी, रक्तगट. मी रक्तगटाच्या खाली एक ओळ टाकली, 'सिकलसेल: एएस (वाहक)'. काकू म्हणाल्या, "हे कशाला लिहिते? पोरीच्या जातीनं असं लिहू नये." मी म्हटलं, समोरच्यानंही लिहावं, एवढीच अट आहे. काकूंनी मोबाइल खाली ठेवला आणि चहा न घेताच निघाल्या.

आई काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना अचानक विचारलं, "कोनाकडून आलं असन हे? माझ्याकडून का तुह्या बाबाकडून?"

बाबा बाहेर बातम्या पाहत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाले, "सोमवारी जाऊ दोघंही. तुझ्या भावालाही घेऊ."